मास्टर एकही रिक्वेस्ट हाताळत नाही: गुनिकॉर्न आपले वर्कर कसे सांभाळतो

अर्ज भरायची शेवटची तारीख होती. आम्ही सांभाळत असलेल्या एका साइटवर संध्याकाळी सहानंतर गर्दी उसळली आणि पावणेसातला लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, पहिली ओळ आली: ‘वर्कर टाइमआउट, पीआयडी ४१८२’. वर्कर म्हणजे रिक्वेस्टना उत्तर देणारी प्रोसेस, म्हणजेच चालू प्रोग्राम, आणि पीआयडी हा तिचा क्रमांक. मग ४१८५. मग ४१८३. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला एकदोन वर्कर मरत होते, त्यांच्या जागी नवे उभे राहत होते आणि थोड्या वेळानं त्यातलेही काही तसेच मरत होते. साइट रडतखडत का होईना, चालू होती. मी टाइमआउटचा आकडा ३० सेकंदांचा १२० केला आणि सर्व्हर रीलोड केला. लॉगमधल्या त्या ओळी थांबल्या, आणि दोनेक मिनिटांत साइट पूर्ण बसली. तालुक्याच्या गावांतल्या नेट कॅफेत अर्जासाठी रांगेत उभी असलेली पोरं फोन करून विचारत होती, सर, आता काय करायचं?

आकडा वाढवल्यावर साइट सुधारायची सोडून बसली का, याचं उत्तर त्या रात्री मला मिळालं. पण ते समजायला गुनिकॉर्नचा, म्हणजे पायथॉनमधल्या साइट चालवणाऱ्या सर्व्हरचा, मास्टर दिवसभर नेमकं काय करतो आणि काय करत नाही हे मुळापासून बघावं लागलं. तेच इथे मांडतो आहे. उदाहरण गुनिकॉर्नचं आहे, कारण रोज त्याच्याशीच माझा संबंध येतो. पण युनिकॉर्न, यूविस्गी, पीएचपी-एफपीएम या इतर सर्व्हरांचा सांगाडा बराचसा असाच आहे.

आधी इतके वर्कर कशाला?

पायथॉनमधलं वेब अ‍ॅप्लिकेशन, मग ते जँगोत लिहिलेलं असो की फ्लास्कमध्ये, म्हणजे शेवटी एक फंक्शन. त्याला रिक्वेस्ट द्या, ते उत्तर देतं. ते चालवणारी प्रोसेस एकच असेल तर पहिल्या माणसाचं उत्तर तयार होईपर्यंत दुसरा ताटकळत बसणार. त्यात पायथॉनच्या नेहमीच्या इंटरप्रिटरमध्ये एक कुलूप असतं, ज्याला सगळे ‘गिल’ म्हणतात. त्यामुळे एका प्रोसेसमध्ये कितीही थ्रेड, म्हणजे कामाचे समांतर धागे, काढले तरी पायथॉनचा कोड एका वेळी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतो. चार कोअरचं मशीन घेतलं आणि प्रोसेस एकच ठेवली, तर तीन कोअरचे पैसे फुकट गेले. म्हणून एकाच अ‍ॅप्लिकेशनच्या अनेक प्रोसेस चालवायच्या. आणि प्रोसेस अनेक झाल्या की त्यांना मोजणारा, त्यांच्यावर नजर ठेवणारा, मेलेल्याच्या जागी नवा उभा करणारा कोणीतरी लागतोच.

गुनिकॉर्न म्हणजे ‘ग्रीन युनिकॉर्न’. रूबी या प्रोग्रामिंग भाषेच्या जगात युनिकॉर्न नावाचा सर्व्हर होता. त्याची पद्धत बेन्वा शेनो यांनी २०१० च्या आसपास पायथॉनमध्ये आणली. या पद्धतीला ‘प्री-फोर्क’ म्हणतात, म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधीच माणसं कामावर उभी करून ठेवायची. वरचा एक मास्टर, खालचे वर्कर. गुनिकॉर्नच्या कोडमध्ये मास्टरच्या क्लासचं नाव ‘आर्बिटर’ आहे.

महापालिकेच्या हजेरी कोठीवरचा मुकादम आठवा. तो स्वतः झाडू हातात घेत नाही. किती माणसं आली, कोण आलं नाही, कोणाच्या जागी कोणाला लावायचं, एवढं तो बघतो. गुनिकॉर्नचा मास्टर त्याच जातीचा, पण त्याहूनही कमी करणारा. मुकादम निदान कोणी कोणती गल्ली झाडायची हे तरी सांगतो. मास्टर तेही सांगत नाही.

काम वाटतं कोण?

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो, माझाही कित्येक वर्षं होता. आपण चित्र असं रंगवतो की रिक्वेस्ट मास्टरकडे येते, मास्टर बघतो कोण मोकळा आहे आणि त्याच्या हातात ती देतो. असं काहीही घडत नाही.

मास्टर सुरू झाला की पहिल्यांदा पोर्ट उघडतो, समजा ८०००. ऑपरेटिंग सिस्टीमकडून त्याला एक सॉकेट, म्हणजे कनेक्शनं यायचं दार, मिळतो. मग तो ‘फोर्क’ नावाचा सिस्टीम कॉल करतो. फोर्क केला की त्या प्रोसेसची हुबेहूब दुसरी प्रत तयार होते आणि आईकडे उघडे असलेले सगळे सॉकेट, सगळ्या फाइल्स लेकराकडे जशाच्या तशा येतात. आता तो एकच सॉकेट मास्टरकडेही आहे आणि आमच्या सर्व्हरवरच्या नऊच्या नऊ वर्करकडेही. मास्टर त्या सॉकेटवर कधीच ‘अ‍ॅक्सेप्ट’ म्हणत नाही. वर्कर म्हणतात. नवं कनेक्शन आलं की लिनक्सच्या कर्नलकडच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडच्या, रांगेत जाऊन थांबतं, आणि जो वर्कर मोकळा असेल तो ते उचलतो. दोघांनी एकदम हात घातला तर एकाला कनेक्शन मिळतं, दुसऱ्याला ‘आता काही नाही’ असं उत्तर मिळतं आणि तो पुन्हा वाट बघायला लागतो.

म्हणजे वाटणी कोणीच करत नाही. जो मोकळा आहे तो आपणहून पुढे येतो आणि जो अडकलेला आहे तो आपोआपच मागे राहतो. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते. कोण मोकळा आहे याची वही मास्टरनं ठेवली असती तर ती वही चुकण्याची शक्यता आली असती, आणि प्रत्येक रिक्वेस्ट त्याच्या हातून जायची म्हटल्यावर मास्टर अडला की सगळंच अडलं असतं. रिक्वेस्ट हाताळणारा तुमचा कोड मास्टरमध्ये चालतच नाही, त्यामुळे तुमच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये कितीही गोंधळ झाला तरी मास्टर शाबूत राहतो.

सगळेच वर्कर अडकले असतील तर नवी कनेक्शनं कर्नलच्या त्याच रांगेत साचत जातात. गुनिकॉर्न या रांगेसाठी २०४८ जागा मागतो. पण मागितल्या म्हणजे मिळाल्या असं नाही. कर्नलची स्वतःची एक कमाल मर्यादा असते, ती लिनक्स ५.४ च्या आधी मुळात १२८ होती, नंतर ४०९६ झाली. जुन्या सर्व्हरवर ‘रांग तर दोन हजारांची आहे’ या भरवशावर राहिलेल्यांना प्रत्यक्षात १२८ चीच रांग मिळालेली असते.

मास्टरचा एक सेकंद

मग मास्टर करतो काय? बहुतांश वेळ तो झोपलेला असतो. एका वेळी फार तर एक सेकंद. उठतो, दोन गोष्टी बघतो, पुन्हा झोपतो. दोन गोष्टी कोणत्या? एक, कोणी वर्कर बराच वेळ गप्प आहे का? असेल तर त्याला मारायचं. दुसरी, जितके वर्कर हवेत तितके आहेत का? कमी असतील तर नवे काढायचे, जास्त असतील तर सर्वांत जुन्याला निरोप द्यायचा. कोडमध्ये पहिल्या फंक्शनचं नाव ‘मर्डर वर्कर्स’ आणि दुसऱ्याचं ‘मॅनेज वर्कर्स’. नावं वाचूनच काम कळतं.

झोपेतून त्याला लवकर उठवायचं असेल तर सिग्नल पाठवायचा. सिग्नल म्हणजे युनिक्समधली प्रोसेसला खांद्यावर हात ठेवून हाक मारायची पद्धत. त्यात मजकूर नसतो, फक्त एक क्रमांक असतो. ‘टर्म’ म्हणजे आवरतं घ्या आणि थांबा. ‘हप’ म्हणजे सेटिंग पुन्हा वाचा. ‘टीटीआयएन’ म्हणजे एक वर्कर वाढवा, ‘टीटीओयू’ म्हणजे एक कमी करा. शेवटचे दोन मला फार उपयोगी पडतात. ऐन गर्दीत सेटिंगची फाइल न उघडता, सर्व्हर न थांबवता दोन हात वाढवता येतात. फक्त ते तात्पुरतं असतं. सेटिंग पुन्हा वाचायला लावलं की फाइलमधला आकडाच खरा.

आणि एक सिग्नल मास्टरला ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः पाठवते: ‘तुझं एक लेकरू गेलं’. युनिक्समध्ये प्रोसेस मेली तरी तिची नोंद लगेच पुसली जात नाही. ती कशानं मेली हे आईनं विचारेपर्यंत ती ‘झोंबी’ म्हणून यादीत राहते. मास्टर ते विचारतो, नोंद पुसतो, नवा वर्कर काढतो. इथे एक बारीक मेख आहे. एका क्षणात तीन वर्कर गेले तरी सिग्नल एकच पोचू शकतो, कारण एकाच प्रकारचे हे सिग्नल एकावर एक साठत नाहीत. म्हणून मास्टर एकदा हाक आली की ‘अजून कोणी? अजून कोणी?’ असं विचारत राहतो, कोणी उरलं नाही असं उत्तर येईपर्यंत.

गेलेल्या वर्करनं जाताना कोणता क्रमांक ठेवला तेही मास्टर वाचतो. क्रमांक ३ म्हणजे वर्कर सुरूच होऊ शकला नाही. क्रमांक ४ म्हणजे अ‍ॅप्लिकेशनच लोड झालं नाही. अशा वेळी नवा काढून उपयोग नसतो, तोही तसाच मरणार. म्हणून मास्टर सगळा सर्व्हरच थांबवतो. सुरुवातीला हे शहाणपणाचं आहे. पण चालू सर्व्हरवर चुकीचा कोड टाकून ‘हप’ दिला तरी हाच नियम लागतो, आणि नव्या वर्करच्या चुकीपायी नीट चालणारे जुनेही जातात. म्हणून आमच्याकडे आता रीलोडच्या आधी तोच कोड वेगळ्या प्रोसेसमध्ये लोड करून बघायची सक्ती आहे. गुनिकॉर्नमध्ये त्यासाठी सेटिंग आणि अ‍ॅप तपासून लगेच बाहेर पडायची सोय आहे, ती वापरावी.

हजेरी

आता त्या रात्रीच्या मुद्द्याकडे येतो. वर्कर जिवंत आहे हे मास्टरला ऑपरेटिंग सिस्टीम सांगते. पण जिवंत असून अडकलेला आहे हे कसं कळणार? प्रोसेस अनंत लूपमध्ये फिरत असेल किंवा कुठल्यातरी उत्तराची वाट बघत बसली असेल, तरी ऑपरेटिंग सिस्टीमच्या हिशेबी ती ठणठणीतच असते.

यासाठी गुनिकॉर्ननं अगदी साधी युक्ती केली आहे. प्रत्येक वर्करसाठी एक तात्पुरती फाइल तयार होते. तयार होताच तिचं नाव डिस्कवरून पुसलं जातं, म्हणजे ती कोणाला दिसत नाही, पण मास्टर आणि तो वर्कर या दोघांकडे ती उघडी असते. वर्करनं अधूनमधून त्या फाइलला नुसता स्पर्श करायचा, आत काही लिहायचं नाही. स्पर्श केला की फाइलची वेळ बदलते. मास्टर सेकंदासेकंदाला ती वेळ बघतो. हजेरीच्या वहीत अंगठा उठवावा तसं. शेवटच्या अंगठ्याला टाइमआउटपेक्षा जास्त वेळ झाला, मुळात ३० सेकंद, की मास्टरच्या लेखी तो वर्कर कामातून गेला.

वर्कर अंगठा कधी उठवतो हे इथे महत्त्वाचं. साधा, म्हणजे ‘सिंक’ प्रकारचा वर्कर दोन रिक्वेस्टच्या मधे उठवतो. काम नसेल तर टाइमआउटच्या निम्म्या वेळानं, म्हणजे पंधरा सेकंदांनी, जागा होऊन उठवतो. पण एकदा रिक्वेस्ट हातात घेतली की ती संपेपर्यंत नाही, कारण त्या वेळी तुमचा कोड चालू असतो आणि गुनिकॉर्नच्या कोडकडे पाळीच येत नाही. म्हणून सिंक वर्करपुरता ‘टाइमआउट’ म्हणजे जवळजवळ ‘एका रिक्वेस्टला दिलेली कमाल मुदत’ असा अर्थ होतो. आणि लोक तोच अर्थ सगळीकडे लावतात.

थ्रेडवाल्या वर्करमध्ये तो अर्थ खोटा ठरतो. तिथे मुख्य थ्रेड हजेरी लावत राहतो आणि कामं बाजूच्या थ्रेडमध्ये होतात. एखादा थ्रेड तासभर अडकून पडला तरी हजेरी वेळेवर लागते, मास्टर खूश असतो. एकाच प्रोसेसमध्ये शेकडो रिक्वेस्ट आळीपाळीनं चालवणाऱ्या ‘जीईव्हेंट’ प्रकारच्या वर्करचंही तसंच. एखादी रिक्वेस्ट नेटवर्कची वाट बघत बसली तर हजेरी चालू राहते, मात्र कोणी जड हिशेब करत प्रोसेसरच अडवून धरला तर हजेरी चुकते आणि त्या वर्करवरच्या शेकडो निरपराध रिक्वेस्ट त्याच्याबरोबर जातात. तेव्हा ‘टाइमआउट ३० आहे, म्हणजे कोणतीही रिक्वेस्ट ३० सेकंदांपलीकडे जाणार नाही’ हे वाक्य उच्चारायच्या आधी वर्करचा प्रकार बघायचा.

गप्प वर्करला मास्टर लगेच ठार करत नाही. आधी ‘अबॉर्ट’ सिग्नल पाठवतो. तो पायथॉनपर्यंत पोचला तर वर्कर बाहेर पडतो, आणि बहुतेक वेळा कोणत्या ओळीवर तो अडकला होता त्याचा माग लॉगमध्ये पडतो. पुढच्या फेरीलाही तो तसाच असेल तर मात्र ‘किल’, ज्याला नकार देता येत नाही. लॉगमधली ‘वर्कर टाइमआउट’ ही ओळ सगळे वाचतात, तिच्याखालचा माग फार थोडे वाचतात. त्या संध्याकाळी मीही वाचला नव्हता. माग सरळ सांगत होता: अर्ज जमा झाल्यावर उमेदवाराला मोबाइलवर मेसेज पाठवायचा, त्यासाठी एका बाहेरच्या सेवेला केलेल्या कॉलवर वर्कर थांबले होते. त्या सेवेवरही त्या दिवशी ताण असणार. काही कॉल लगेच परत येत होते, काही येतच नव्हते. आणि आमच्या कोडमध्ये त्या कॉलला मुदतच घातलेली नव्हती.

आता हिशेब बघा. चार कोअर, नऊ वर्कर. टाइमआउट ३० असताना अडकलेला वर्कर अर्ध्या मिनिटात मोकळा होत होता, म्हणजे नऊच्या नऊ अडकले तरी मिनिटाला अठरा जागा रिकाम्या व्हायच्या. त्यातून ज्यांचे कॉल नीट जात होते त्यांचे अर्ज आत शिरत होते. मी टाइमआउट १२० केला आणि मिनिटाला अठराच्या जागी साडेचार केल्या. शिवाय गुनिकॉर्नच्या पुढे उभा असलेला, रिक्वेस्ट मागे पोचवणारा एनजिनएक्स सर्व्हर मुळात ६० सेकंदच वाट बघतो. साठाव्या सेकंदाला तो उमेदवाराला ‘५०४’, म्हणजे मागून वेळेत उत्तर आलं नाही असं, दाखवून मोकळा होत होता, आणि मागे आमचा वर्कर, जो माणूस कधीच निघून गेला होता त्याच्यासाठी आणखी एक मिनिट अडकून बसत होता. मास्टर त्यांना मारत होता म्हणूनच साइट श्वास घेत होती. मी त्याचाच हात धरला.

फाइलला स्पर्श करण्यातही एक खोच आहे. ही फाइल साधारण तात्पुरत्या फाइल्सच्या फोल्डरमध्ये बनते. ते फोल्डर खऱ्या डिस्कवर असेल आणि डिस्क काही क्षण अडली, क्लाउडवरच्या डिस्कचं असं होतं, तर निरोगी वर्करही अंगठा उठवताना अडकतो आणि नाहक मारला जातो. प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या डॉकरमध्ये हे जास्त जाणवतं. त्यासाठी ही फाइल मेमरीतल्या, ‘डेव्ह-एसएचएम’ नावाच्या जागेत ठेवायला सांगता येते. एका ओळीचं सेटिंग आहे. मी ते आता डोळे झाकून घालतो.

मेमरी, आणि फोर्कचं देणं-घेणं

लॉगमध्ये कधी कधी एक वेगळी ओळ दिसते: अमुक वर्करला ‘किल’ पाठवला गेला, कदाचित मेमरी संपली असेल? मास्टर इथे प्रश्नचिन्ह घालून बोलतो, कारण त्याला खरंच ठाऊक नसतं. त्याआधी ‘वर्कर टाइमआउट’ची ओळ नसेल तर हा किल बहुधा त्यानं पाठवलेला नसतो. मशीनची मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल स्वतः कोणाला तरी निवडून मारतो. खात्री करायची तर कर्नलचा लॉग बघावा लागतो.

वर्कर किती ठेवावेत याला गुनिकॉर्ननंच दिलेलं सूत्र आहे: कोअरची दुप्पट अधिक एक. चार कोअरला नऊ. दर कोअरमागे एक वर्कर सॉकेटवर वाचत-लिहीत असेल तेव्हा दुसरा रिक्वेस्टचं काम करत असेल असा त्यामागचा अंदाज. सुरुवात करायला ठीक आहे, पण सूत्रात मेमरी कुठेच नाही. वर्करमागे २०० एमबी धरले तर नऊ वर्करचे १.८ जीबी. आणि ‘हप’ दिला की मास्टर आधी नवे नऊ उभे करतो, मग जुन्या नऊंना निरोप देतो. म्हणजे तेवढा काळ अठरा वर्कर, ३.६ जीबी. दिवसभर नीट चालणारा सर्व्हर नेमका रीलोडलाच का पडतो, या कोड्याचं उत्तर अनेकदा इतकं साधं असतं.

कंटेनरमध्ये तर सूत्र साफ फसवतं. पायथॉनला ‘किती कोअर आहेत’ असं विचारलं की तो बहुधा कंटेनरला नेमून दिलेले नव्हे, तर खालच्या अख्ख्या मशीनचे सांगतो. सोळा कोअरचं मशीन, तुमचा कंटेनर एका कोअरचा आणि एक जीबीचा. सूत्रानं आले तेहतीस वर्कर. कंटेनरमध्ये हा आकडा हातानं लिहावा.

मेमरी वाचवायचा एक मार्ग फोर्कमध्येच दडला आहे. फोर्कनं प्रत तयार होते असं मी वर म्हटलं, पण कर्नल खरी प्रत लगेच काढत नाही. आई आणि लेकरं मेमरीची तीच पानं वाचत राहतात. ज्याला एखाद्या पानावर लिहायचं असेल त्याच्यापुरती त्या पानाची प्रत निघते. म्हणून मास्टरमध्येच अ‍ॅप्लिकेशन आधी लोड केलं, गुनिकॉर्नमध्ये याला ‘प्रीलोड’ म्हणतात, आणि मग फोर्क केला, तर नऊ वर्करना ते कोडचं ओझं एकदाच पडतं.

पायथॉनमध्ये याला एक अडचण आहे. इथे प्रत्येक वस्तूच्या अंगावरच तिला कितीजण वापरताहेत याचा आकडा लिहिलेला असतो. नुसती वस्तू वाचली तरी तो आकडा बदलतो, म्हणजे पानावर लिहिलं जातं, म्हणजे प्रत निघते. कचरा गोळा करणारी यंत्रणा फिरली की तीही वस्तूंच्या नोंदी हलवते. इन्स्टाग्रामच्या इंजिनिअरांनी २०१७ मध्ये याबद्दल जाहीर लिहिलं होतं: त्यांचं जँगो यूविस्गीच्या वर्करांवर चालायचं, आणि सामायिक मेमरी टिकावी म्हणून त्यांनी ती कचरा गोळा करणारी यंत्रणाच बंद केली. पुढे पायथॉन ३.७ मध्ये, फोर्कच्या आधीच्या वस्तूंना त्या यंत्रणेनं हात लावू नये असं सांगायची सोय आली, तीही त्याच मंडळींच्या कामातून.

प्रीलोडची किंमतही माहीत हवी. मास्टरनं कोड आधीच उचललेला असतो, त्यामुळे नुसता ‘हप’ देऊन नवा कोड येत नाही. आणि लोड होतानाच डेटाबेसचं कनेक्शन उघडलं असेल तर फोर्कनंतर तेच एक कनेक्शन नऊ वर्करच्या हाती पडतं. एकाचा प्रश्न, दुसऱ्याच्या पदरात उत्तर. असे बग शोधताना माणूस रडकुंडीला येतो, कारण आपल्या लॅपटॉपवर एकच वर्कर असतो आणि तिथे सगळं बरोबर चालतं. फोर्कनंतर प्रत्येक वर्करमध्ये कनेक्शन नव्यानं उघडायचं, त्यासाठी गुनिकॉर्ननं खास जागा ठेवली आहे.

वर्कर दिवसागणिक फुगत जात असेल तर ठरावीक रिक्वेस्टनंतर त्याला निवृत्त करता येतं, समजा हजार. हे सेटिंग मुळात बंद असतं. ते चालू करताना त्याच्या सोबतचं ‘जिटर’ विसरू नका. काम साधारण सारखं वाटलं जात असेल तर नऊही वर्कर हजाराव्या रिक्वेस्टला जवळपास एकदमच पोचतात आणि एकदमच उठून जातात. जिटर प्रत्येकाच्या आकड्यात थोडी वेगवेगळी भर घालतो. मेमरीची गळती मात्र यानं बुजत नाही.

निरोप

‘टर्म’ आला की मास्टर वर्करना सांगतो: हातातलं पुरं करा, नवं घेऊ नका. त्यासाठी मुळात ३० सेकंद देतो, त्यानंतर किल. पण मास्टर स्वतः डॉकरमध्ये चालत असेल तर डॉकर थांबवताना मुळात दहाच सेकंद देतो. मास्टर तीस सेकंदांचा दिलदारपणा दाखवत असतो आणि दहाव्या सेकंदाला त्याच्यासकट सगळं उचललं जातं. अर्धवट राहिलेलं पेमेंट, दोनदा गेलेली पावती, अशा तक्रारी डिप्लॉयच्या, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवण्याच्या, वेळेशी ताडून बघा. वरच्या थराची मुदत नेहमी खालच्या थरापेक्षा जास्त हवी.

पीएचपी-एफपीएम वापरणाऱ्यांना एक प्रश्न पडेल: गर्दी वाढली की गुनिकॉर्न आपणहून वर्कर वाढवतो का? नाही. एफपीएमच्या ‘डायनॅमिक’ पद्धतीत मास्टर रिकामे वर्कर किती उरले ते मोजतो आणि ठरलेल्या कमाल संख्येपर्यंत वाढवत जातो. गुनिकॉर्न सांगितलेल्या आकड्यावर ठाम राहतो. मला गुनिकॉर्नची पद्धत जास्त पटते. सगळे वर्कर बाहेरच्या कोणावर तरी अडकलेले असताना आणखी वर्कर उभे केले तर तेही तिथेच जाऊन अडकतात, आणि डेटाबेसवर कनेक्शनं वाढतात ती वेगळीच.

आणि मास्टरच मेला तर? त्याच्यावर नजर ठेवायला सिस्टमडी, म्हणजे लिनक्सवर सेवा सुरू ठेवणारा प्रोग्राम, असतो, तो नवा मास्टर उभा करतो. पण जुन्या वर्करांचं काय? सिंक वर्कर प्रत्येक फेरीला बघतो की आपली आई तीच आहे ना. तिचा क्रमांक बदललेला दिसला की लॉगमध्ये ‘पालक बदलला, थांबतो आहे’ अशा अर्थाची ओळ टाकून तो स्वतःच बाहेर पडतो. हजेरी दोन्ही बाजूंनी लागते.

त्या रात्री नऊच्या सुमारास मी टाइमआउट परत ३० वर आणला, मेसेज पाठवणाऱ्या कॉलला तीन सेकंदांची मुदत घातली आणि मेसेज नाही गेला तरी अर्ज जमा होऊ दिला. ‘हप’ दिला. नवे नऊ पीआयडी लॉगमध्ये एकाखाली एक उमटले, जुने एकेक करत गेले. साडेअकरापर्यंत ते नऊ आकडे तेच राहिले. न गेलेले मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी एका स्क्रिप्टनं पाठवले, आणि पुढच्या आठवड्यात ते काम वेब वर्करकडून कायमचं काढून वेगळ्या रांगेत टाकलं.